नदीदरवाजा न लावण्याबाबत

मी, ब्लांदिन कोर्तों, वय एकाहत्तर, निवृत्त इतिहास शिक्षिका, राहणार व्हेर्मो-सूर-योन, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. कोणी भरीस घातलेले नाही. ते या गावात कोणाला जमलेलेही नाही.

१. उतारावरचा द्राक्षमळा चुलतभावाचा मुलगा तिएरी याला. छाटणी त्याने स्वतः करावी. कात्री मात्र माझी धाकटी बहीण ओदेत हिची आहे. ती कात्री माझ्याबरोबर पुरावी.

२. पुस्तके शाळेला. गावाच्या वारसा जतन समितीचे अध्यक्ष मोर्व्हां यांनी बारा वर्षांपूर्वी नेलेला खंडही त्यांतच धरावा.

३. घर आणि त्याला लागून असलेला, गावाच्या तटातला नदीदरवाजा नगरपालिकेला, एका अटीवर. संध्याकाळच्या घंटेला हा दरवाजा लावणे हे सहाशे वर्षे या घराचे काम आहे. मी एकदाही उशीर केला नाही म्हणून नगरपालिकेने पितळी पाटी दिली. ती काढावी.

जानेवारी १९५५ मध्ये, पुराच्या दिवसांत, ओदेत मळ्यातून होडीने परतली तेव्हा घंटा होऊन गेली होती. सकाळीच आमचे वाजले होते. "तुझं दार तुलाच लखलाभ, मास्तरीणबाई," असे ती म्हणाली होती. आता बाहेरून म्हणाली, "ताई, उघड ना गं. पाणी पायरीवर आलंय."

मी म्हटले, "घंटा झाली. पुलावरून ये."

पुलाकडची वाट पाण्याखाली गेली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी ओदेतचे प्रेत पुलाच्या खांबाशी सापडले. मी काहीच ऐकले नाही, असे सर्वांना सांगितले. ते खोटे होते.

तेव्हापासून घंटेनंतर दारापलीकडे ओल्या बुटांचा आवाज येतो. उघडून पाहिले की कोणी नसते. पायरी ऑगस्टातही ओली असते. मी शिकलेली बाई आहे. कारण शोधले, सापडले नाही. तरी रोज दार लावत राहिले, कारण न लावल्यास लोकांनी 'का?' असे विचारले असते.

अट: नदीदरवाजाची दोन्ही कवाडे बिजागऱ्यांतून उतरवावीत. मोर्व्हां म्हणतात, "बाई, दार लावतानाचेच तर फोटो निघतात." त्यांनी दुसरे दार शोधावे. अट न पाळल्यास घर विकून पैसे नदीवरच्या बचाव पथकाला द्यावेत.

४. दार उघडे ठेवायला मी माझ्या मरणाची वाट पाहिलेली नाही. आज घंटा झाली, दार लावले नाही. साक्षीला आलेल्या बेकरीवाल्या लाबुरेंनी विचारले, "कोणी यायचंय का?"

हो, म्हटले.

खालील सही आमच्यादेखत, नदीदरवाजा उघडा असताना झाली.

सही: ब्लांदिन कोर्तों
साक्षीदार: फिर्मँ लाबुरे, बेकरीवाले, यूज्नी तिसो, शेजारीण
व्हेर्मो-सूर-योन, १९ जानेवारी १९९४