ज्यूलियाची आई

गुदैबिया, बहारीन
१२ मार्च १९८३

आई, तुझ्या एकटीसाठी,

पत्रं बाबाच फोडतात आणि तुझं उत्तरही त्यांच्याच अक्षरात येतं: ‘हा दुसरा संसार आहे, आता तरी निभावून ने.’ म्हणून हे पत्र मी टाकणार नाही.

सकाळी ह्यांनी पुन्हा डबा भिंतीवर भिरकावला. ती भिंत पुसून मी ईसा टाउनला शाळेत गेले आणि रोमच्या सम्राटाची मुलगी ज्यूलिया शिकवली. बापाने आपल्या सोयीने तिची तीन लग्नं लावून दिली. (माझी दोनच.) मग तिची बदनामी झाली, तेव्हा त्यानेच तिला बेटावर धाडलं.

एका मुलीने विचारलं, “मिस, तिथे ती एकटीच?”

“नाही. तिची आई गेली सोबत, आपणहून.”

पुढचं मी फळ्याकडे तोंड करून लिहून दिलं.

हेही बेटच आहे, आई. तुझ्या व्हिसाचा फॉर्म मी केव्हाच भरून ठेवलाय. पण ज्यूलियाच्या आईला नवऱ्याने लेक जन्मली त्याच दिवशी टाकलं होतं. निघताना तिला कुणाला विचारावं लागलं नाही.

दमलेली,
उल्का