जहाजाच्या मालेचा पहिला भाग

अण्णा, परवा बोटीनं मुंबईहून पुस्तकांचं पुडकं आलं आणि तेव्हापासून मला नुसती शिसारी आली आहे. आमच्या मुलींच्या शाळेसाठी एक नवी अद्भुत कादंबरीमाला घ्यायची ठरली आहे आणि ती निवडायचं काम हेडबाईंनी माझ्यावर टाकलं. नमुन्याचे पहिले भाग आले ते मी एका बैठकीत वाचून काढले. एकात राक्षस काळा, राजकन्या गोरी, आणि तिला सबंध पुस्तकभर खांबाला बांधलेली. दुसऱ्यात जादूगाराला दाढी. तिसऱ्यातही जादूगाराला दाढी, आणि त्याच्या तोंडी लेखकानं अशी काही मोडकी भाषा घातली आहे, की ती मी या श्रीवर्धनात कुणाही मुसलमानाच्या तोंडून आजवर ऐकलेली नाही. ते पुस्तक मी खाली टाकलं आणि हात धुऊन आले. पाण्याशी उभी असताना तुमची आठवण झाली. मायेनं नाही झाली. गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात, आणि तुम्हाला जाऊनही आता किती वर्षं लोटली. म्हणून दुसऱ्या कुणाशी बोलत नाही. तुमच्याशीच बोलते, या पत्रात.

दिवेआगरला आपल्या घराची ओटी हेच गावाचं वाचनालय होतं. पुस्तकांची कपाटं तिथं, आणि चिटणीस तुम्ही. दुपारी अंगणात बायका सुपारी सोलायला बसत आणि तुम्ही ओटीवरून मोठ्यानं वाचायचात. तुमच्यासारखं वाचणारा माणूस मी पुढे पुण्यातसुद्धा पाहिला नाही. चेटकीण आली की आवाज बारीक व्हायचा, घोडे आले की तुम्ही मांडीवर टापा वाजवायचात, आणि बायकांच्या हातातले अडकित्ते थांबायचे. अंगणाच्या कडेला, पायरीच्या खाली, गावातल्या मुसलमान तांडेलाची मुलगी बसायची. माझ्याच वयाची, माझी मैत्रीण. तिचे वडील गलबत घेऊन पार बसऱ्यापर्यंत जात आणि परत आले की आपल्याकडे खजुराची करंडी पाठवत. तो खजूर तुम्हाला फार आवडायचा. बी चोखत चोखत तुम्ही म्हणायचात, "मोठ्या मनाचा माणूस हो, तांडेल!" मला हे सारं स्वच्छ आठवतं, आणि आठवतं म्हणूनच पुढचं गिळत नाही.

त्या वर्षी जुनी माला संपली. शेवटच्या भागात राजपुत्र सिंहासनावर बसला आणि बायका हळहळल्या, की आता दुपारी करायचं काय. तुम्ही मुंबईहून दोन नव्या मालांचे पहिले भाग मागवलेत. एक किल्ल्याची, एक जहाजाची. दोन्हीची पहिली पानं वाचून दाखवलीत आणि मग सगळ्यांसमक्ष पायरीखाली बघून म्हणालात, "बोल गं, जहाजातलं तुला जास्त कळतं. कुठली घेऊ या?" ती लाजली नाही. म्हणाली, "जहाजाची, अण्णा. किल्ल्यातले लोक नुसते भांडतात. हिच्यात पोरगी सुकाणू धरते." बायका हसल्या, तुम्हीही हसलात. ठरलं, जहाजाची. एवढंच नाही, तिची दादी अंथरुणाला खिळली होती, तिला वाचून दाखवायला म्हणून तुम्ही तो भाग आपणहून तिच्या हातात दिलात. त्या दिवशी असा बाप आपल्याला मिळाला म्हणून मी फुगले होते.

ती पुस्तक परत घेऊन येते ती दुपार. झोपाळ्यावर वाचनालयाचे अध्यक्ष बसले आहेत, ज्यांच्या वाड्या पार खाडीपर्यंत पसरल्या होत्या. पुस्तक कुठं गेलं होतं हे त्यांच्या कानावर गेलेलं आहे आणि ते तेवढ्यासाठीच आले आहेत. ते रागावलेले नाहीत, नुसते पाय हलवत तुमच्याकडे बघत आहेत. मैत्रिणीनं पुस्तक आईच्या धुतलेल्या ओढणीत गुंडाळून आणलं आहे. ती दारातूनच सांगायला लागते, "अण्णा, दादीनं सगळं ऐकलं. ती विचारते, पुढं त्या पोरीचं जहाज फुटतं काय?" तुम्ही झोपाळ्याकडे बघता आणि म्हणता, "ठेव तिथंच. पायरीवर." ती ओढणी सोडून घेते आणि पुस्तक पायरीवर ठेवते. मग तुम्ही मला स्वयंपाकघरातून चिमटा आणायला लावता. निखारे उचलायचा तो लोखंडी चिमटा. त्यानं तुम्ही पुस्तक उचलता, मेलेला उंदीर उचलावा तसं, अंगापासून लांब धरून, आणि नाक दाबून अध्यक्षांना म्हणता, "जादूच्या पुस्तकाला बोंबलाचा वास लागला की हो!"

अध्यक्ष हसले. खोटं कशाला सांगू, सुपारी सोलणाऱ्या दोघीतिघीही हसल्या. तुम्ही चेटकिणीच्या बारीक आवाजात बोलला होतात ना, म्हणून.

ती रडली नाही. तिला वाटलं, तुमची खरंच काही चूक होते आहे. ती म्हणाली, "आमच्याकडं आज बोंबील न्हवते, अण्णा." मग ओढणीची घडी घातली आणि गेली.

पुस्तक तुम्ही परसात नेऊन बंबात टाकलंत. वरच्या जहाजाच्या चित्राला आधी फोड आले, मग ते काळं झालं. त्याच बंबातलं पाणी घेऊन तुम्ही हातपाय धुतलेत, आणि मला म्हणालात, "तूही आंघोळ करून घे, तिच्याजवळ उभी होतीस." मी केली. बाटण्याबिटण्यावर तुमचा विश्वास असता तर मी निदान म्हटलं असतं, माणूस जुन्या वळणाचा आहे. पण विश्वास कुठं होता? संध्याकाळी तुम्ही फडताळातून खजूर काढून खाल्लात. बी चोखलीत. मला किळस येते ती त्या बीची, अण्णा. झोपाळ्यावरच्या माणसाला तुम्ही घाबरलात एवढंच असतं तर मी केव्हाच विसरले असते. भित्री माणसं मीही पुष्कळ पाहिली. पण तुम्ही त्याला हसवलंत. कुणी सांगितलं नसताना चिमटा मागवलात. पोरीचा आवाज बंद करायला तुम्ही तोच आवाज वापरलात, जो ऐकायला ती रोज उन्हातून चालत यायची.

दुसऱ्या दिवसापासून किल्ल्याची माला सुरू झाली. तीत भागागणिक एक दाढीवाला कपटी होता आणि तुम्ही तो असा झकास वठवायचात, की अध्यक्ष मुद्दाम दुपारची झोप मोडून ऐकायला येत. पायरीखालची जागा रिकामी राहिली. मी आत आईजवळ जाऊन बसायला लागले. तुम्ही विचारलंत, "ऐकायला का येत नाहीस?" मी म्हटलं, डोकं दुखतं. तुम्ही कपाळाला सुंठ उगाळून लावलीत. पुढे त्याच अध्यक्षांनी खादीची टोपी घातली आणि तुमच्या शोकसभेत, सर्व जातिधर्मांना पुस्तकं वाटणारा माणूस गेला, असं भाषण केलं. मी पहिल्या रांगेत बसून ते ऐकलं, आणि सगळे तुमच्या तसबिरीला हात जोडत असताना पदराखाली हात मिटून बसले.

काल पुडकं घेऊन मी वर्गात गेले होते. मुलींना विचारलं, तुम्हाला कसल्या गोष्टी हव्यात? मागच्या बाकावरची एक मुलगी, यंदाच शाळेत आलेली, उठून म्हणाली, "बाई, आमच्या अम्मीकडं जहाजाची माला हाय. सगळी हाय." मी तिला आईचं माहेर विचारलं. ती म्हणाली, दिवेआगर.

शाळा सुटल्यावर मी तिच्याबरोबर गेले. घर बंदराच्या बाजूला आहे, पुढे जाळी वाळत घातलेली. माझी मैत्रीण दारात आली. अंगानं भरली आहे, केस पांढरे व्हायला लागले आहेत. तिनं मला लगेच ओळखलं आणि माझं नाव घेऊन म्हणाली, "इतकी वर्षं याच गावात आहेस आणि आज येतेस?" नवऱ्याची मुंबईला बोटीवर नोकरी आहे. दर खेपेला एक भाग आणायचा, ही तिनं लग्नानंतर त्याला घातलेली पहिली अट. आता ती संध्याकाळी आळीतल्या पोरीबाळींना वाचून दाखवते. मी विचारलं, "जहाज फुटतं का गं?" ती म्हणाली, "फुटतं. दादी तोवर राहिली न्हाय. पण पोरगी तरते, दुसरं बांधते." तिनं चहा केला, मी प्याले. शाळेसाठी हीच माला मागवायची हे मी तिथंच ठरवलं. मग ती पहिला भाग उघडून सुरुवात वाचायला लागली, आणि वादळ आलं तेव्हा मांडीवर हातानं लाटा वाजवायला लागली. तुमच्यासारख्या. हुबेहूब तुमच्यासारख्या, अण्णा. तिथून उठून पळावंसं वाटलं मला.

निघताना ती दारापर्यंत आली. तिचा आवाज एकाएकी लहान मुलीसारखा झाला. "अण्णा कधी माझी आठवण काढायचे काय गं? नंतर, आजारपणात?"

तुम्ही कधीच काढली नाहीत. शेवटच्या दुखण्यात सगळ्या गावाची नावं घेतलीत, वाडीतल्या माडांचीसुद्धा विचारपूस केलीत, पण तिचं नाव नाही. हे पत्र मी तुम्हाला तेवढंच सुनवायला लिहायला घेतलं होतं. आता फाडून टाकीन. कारण तिला मी म्हटलं, "काढायचे. फार वाईट वाटायचं त्यांना." तिनं डोळे पुसले. घरी येईपर्यंत मला वाटत होतं, मी हे तिच्यासाठी बोलले. ते खरं नाही. तिनं तुम्हाला वाईट समजू नये, म्हणून बोलले.