पंचाचा चष्मा आणि पिवळा फलक

४ जानेवारी
आईस हॉकीची मॅच. मी गोल दिला नाही म्हणून पोरांचा गोंधळ. चकती जाळीत होती म्हणे. मला दिसली नाही, म्हणजे नव्हती. तिसऱ्या रांगेत माझा चाहता पिवळा फलक घेऊन नेहमीसारखा हजर. बर्फाच्या चकाकीने अक्षरं लागत नाहीत, पण भावना पोचतात. हात केला. मार्लिस कॉफीच्या स्टॉलवर अडकलेली असते. तिला नवऱ्याची लोकप्रियता काय कळणार!

६ जानेवारी
क्लबच्या ड्वेनचा फोन. म्हणाला, आर्नेकाका, चष्मा लावा, नाहीतर फायनलला डुलुथहून पंच आणतो. डुलुथचा! या गावाचं हॉकी आजवर माझ्या शिटीवर चाललंय. ठीक आहे, चष्मा घेतो. शोभेला.

११ जानेवारी
डोळे तपासले. तक्त्यावरचं सगळ्यात वरचं अक्षर बिनचूक सांगितलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ते सगळेच सांगतात. मत्सर, दुसरं काय!
फ्रेम काळी, रुबाबदार. काउंटरवरची मुलगी म्हणाली, चष्म्याचा विमा काढा. मी म्हटलं, पोरी, विमा धांदरटांनी काढावा. मार्लिस काउंटरपाशी मागे रेंगाळली. बायकांना दुकानातून पाय निघत नाही.

२० जानेवारी
चष्मा आला. वरच्या भागातून लांबचं, खालच्यातून जवळचं. पायरी दिसते तिथे नसते. शेजाऱ्याच्या टपालपेटीला गुड मॉर्निंग केलं. इतरांना सवयीला दोन आठवडे लागतात, मला उद्यापर्यंत होईल.

२३ जानेवारी, सकाळ
चष्मा खुर्चीत होता. डोळ्यांवर चष्मा नसल्यामुळे दिसला नाही. बसलो. चूक खुर्चीची.
शनिवारी फायनल. शिटी गेली तर मी कोण? नुसता रिटायर्ड प्लंबर.

दुपार
दुकानाचा फोन! नवा चष्मा शुक्रवारी, अगदी फुकट! याला म्हणतात दरारा. मार्लिसला सांगितलं, तर तिला खोकल्याची उबळ आली. बरेच दिवस घसा खराब आहे बिचारीचा.

२८ जानेवारी, फायनल
सगळं दिसतं! चकती केवढी मोठी असते! एकाही निर्णयावर कुणी ओरडलं नाही. मध्यंतरात ऐटीत तिसऱ्या रांगेकडे वळलो. आज फलक वाचायचाच.
'आंधळ्या, चष्मा घे!'
धरून उभी मार्लिस.
मी नाकावरच्या चष्म्याकडे बोट दाखवलं. तिने शांतपणे फलक उलटा केला.
'विमा मी काढला होता.'
अख्खं गाव हसायला लागलं. मी जोरात शिटी फुंकली. फाउल कोणता, ते अजून ठरलेलं नाही.