चित्रफितीतल्या रुग्णास एकदा खरोखर तपासण्याबाबत

प्रति,
मा. अधिष्ठाता,
पंचगंगातीर वैद्यकीय महाविद्यालय व रुग्णालय,
कोल्हापूर.

अर्जदार: धैर्यशील गणपतराव खोराटे, रा. मुरगूड, ता. कागल, जि. कोल्हापूर.

विषय: आपल्या चित्रफितीत मनोरुग्णाची भूमिका केलेल्या इसमास आता खरोखर बरे नसल्याने, चित्रफीत बाजूला ठेवून त्यास तपासण्याबाबत.

संदर्भ: १) अर्जदाराचे यापूर्वीचे अर्ज.
२) "आपले अर्ज विद्यार्थ्यांच्या अभ्यासासाठी वापरले जात आहेत, असेच लिहीत राहावे," हे आपल्या कार्यालयाचे उत्तर.

महोदय,

हा अर्ज तरी अर्ज म्हणून वाचावा, ही सुरुवातीलाच विनंती.

१. अर्जदार हा मुरगूडच्या शेतकरी कुटुंबातला असून कागल पंचतारांकित एमआयडीसीतील एका कारखान्यात तयार माल तपासण्याचे काम करीत असे. याखेरीज तो हौशी नाटकांत कामे करी, आणि कोल्हापुरात शूटिंग आले की गर्दीत उभा राही. गर्दीतला माणूस म्हणून त्याचे नाव चांगले होते.

२. आपल्या मनोविकार विभागाचे प्राध्यापक डॉ. त्र्यंबक सबनीस यांनी विद्यार्थ्यांना शिकवण्यासाठी एक चित्रफीत काढली. त्यांचे म्हणणे असे, की सिनेमातला वेडा म्हणजे केस पिंजारलेला आणि दिसेल त्याचा गळा धरणारा. लोकांच्या डोक्यातले हे चित्र बदलले पाहिजे. म्हणणे रास्त होते. म्हणून त्यांना नीट भांग पाडलेला, साधासुधा रुग्ण हवा होता, आणि तसा अर्जदार मिळाला. चित्रफितीतल्या रुग्णाचा आजार असा, की आपण नट आहोत आणि चाललंय ते सगळे शूटिंग आहे, असा त्याला पक्का भ्रम झाला आहे. "मला काय बी झालेलं न्हाय. मी नट हाय. ह्ये सगळं शूटिंग हाय," हे वाक्य अर्जदाराने एका गुऱ्हाळावर, गुळाच्या काहिलीपुढे उभे राहून म्हटले. म्हणता म्हणता गुळाला लागलेली एक मुंगी त्याला कानामागे चावली, म्हणून त्याने खाजवले. डॉक्टरसाहेब म्हणाले, "हे राहू द्या, फार खरं वाटतंय." अर्जदारास त्या वेळी आनंद झाला होता, हे तो नाकारीत नाही.

३. चित्रफीत चांगली निघाली. इतकी, की ती विद्यार्थ्यांपुरती न राहता गावोगाव आणि कारखान्यांतही दाखवली जाऊ लागली. अर्जदाराच्या कारखान्यात आरोग्य सप्ताहानिमित्त ती कँटीनमध्ये लावली गेली. अख्खी पाळी पडद्याकडे बघायची सोडून अर्जदाराकडे बघू लागली. फोरमन जोतीराम मोठ्यांदा म्हणाले, "आयला धैर्या, सांगायचं न्हाईस व्हय आमास्नी? आनि आमी तुज्या हातात रोज पाना देतोय!" मनुष्यबळ विभागाच्या मोना मॅडम यांनी अर्जदाराचे सर्वांसमोर कौतुक केले. त्या म्हणाल्या, "आजार लपवायचा नसतो. आम्हाला तुमचा अभिमान आहे. उद्यापासून येऊ नका." कामावर परत यायचे तर डोके ठीक असल्याचा दाखला आणावा, असे पत्र देण्यात आले.

४. दाखल्यासाठी अर्जदार आपल्या रुग्णालयात आला. "मी आजारी नाही, मी नट आहे, ते शूटिंग होते," असे त्याने शिकाऊ डॉक्टरांना सांगितले. तेव्हा त्यांच्या चेहऱ्यांवर जो आनंद पसरला, तसा अर्जदाराने आजवर एकाही नाटकाच्या प्रेक्षकांत पाहिलेला नाही. कोणीतरी बाकीच्यांनाही बोलावून आणले. अखेर डॉ. सबनीस स्वतः आले आणि म्हणाले, "अरे, हा खरंच नट आहे, मीच याला घेतला होता." परंतु चित्रफितीत डॉक्टरही तेच झाले आहेत, आणि रुग्णाला एकदम दुखावू नये म्हणून त्याला "होय बाबा, तू नटच आहेस," असे म्हणतात. विद्यार्थ्यांनी एकमेकांना हळूच सांगितले, की बघा, सर किती प्रेमाने बोलतात. दाखला मिळाला नाही. सर पुढे निवृत्त होऊन मुलाकडे परदेशी गेले.

५. अर्जदाराचे लग्न कागलच्या अनुजा हिच्याशी ठरले होते. मुलीचे मामा बाळासो घरी येऊन चहा प्याले व म्हणाले, "पावणं, पोरगं झ्याक हाय हो. पर डोस्क्यात शूटिंग शिरलंय म्हणत्यात." अनुजाने मात्र स्वतः फोन केला. बरे व्हा, मी थांबते, असे ती म्हणाली. बरा झालो हे कसे कळणार, असे अर्जदाराने विचारले. तर म्हणाली, "मी नट आहे असं म्हणायचं सोडलंत, की कळेल." अर्जदाराने त्याच क्षणी, मी नट नाही, असे सांगून टाकले. मग ती म्हणाली, "म्हणजे ते शूटिंग नव्हतंच तर." आणि फोन बंद झाला.

६. त्यानंतर अर्जदारास खरोखर काहीतरी झाले. त्यास झोप लागत नाही. भाकरीला चव लागत नाही. म्हशीपुढे वैरण टाकायला जातो आणि पेंढी हातात धरून तसाच उभा राहतो. शेतातल्या विहिरीच्या काठावर जाऊन बसतो. कशासाठी, ते अर्जदार इथे लिहीत नाही. आई विठाबाई यांनी एकदा पाहिले आणि त्याचा हात धरून, एसटीत बसवून आपल्याकडे आणले. परंतु दरम्यान डॉ. सबनीस यांचे परदेशातून पत्र आले होते, की सदर इसम नट असून रुग्ण नाही. आणि या वेळी ते सर्वांना पटले होते. आपल्या मनोविकार विभागाच्या डॉ. नंदिनी यांनी सगळे ऐकून घेतले व म्हणाल्या, "सुंदर करता तुम्ही. फक्त कानामागे खाजवायचं राहिलं." अर्जदारास रडू आले. ते थांबेना. तेव्हा मागे उभ्या असलेल्या विद्यार्थ्यांनी टाळ्या वाजवल्या. एकाने तर मोबाइल चालू करायचा राहिला, पुन्हा सुरुवातीपासून रडता का, असे नम्रपणे विचारले. विठाबाई म्हणाल्या, "बाई, सोंग असतं तर जेवला असता की त्यो. नाटकाच्या दिवशी दोन भाकरी जास्त खातोय." त्यावर, आईचे कामही छान झाले, असा अभिप्राय मिळाला.

७. चित्रफीत न पाहिलेल्या डॉक्टरांकडून तपासणी व्हावी, असे अर्जदाराने तोंडी सुचवले होते. जिल्ह्यात असे कोणी उरलेले नाही, असे सांगण्यात आले. आजऱ्याचे एक डॉक्टर चित्रफीत चालू असताना झोपले होते, असे कळल्याने मायलेक आजऱ्यास गेले. दवाखान्याला कुलूप होते. झोपल्याचे उघडकीस आल्याने डॉक्टरांना चित्रफीत पुन्हा पाहण्यासाठी कोल्हापुरास बोलावले आहे, असे शेजारच्या काजू कारखान्यातल्या बायकांनी सांगितले.

८. आता दाखला नको. नोकरीही नको, अर्जदाराच्या जागी दुसरा माणूस माल तपासतो आणि माल ठीक निघतो आहे. चित्रफीत बंद करावी, असेही अर्जदाराचे म्हणणे नाही. तिच्यामुळे कुणाला तरी आपला आजार ओळखता आला असेल आणि गोळ्या मिळाल्या असतील, तर त्याचे बरे होवो. विनंती एवढीच, की आपल्याकडील एका डॉक्टराने खुर्ची ओढून अर्जदारासमोर बसावे आणि काय होतंय, असे विचारावे. उत्तर संपेपर्यंत टाळ्या वाजवू नयेत. तो बरा ठरला काय आणि आजारी ठरला काय, मान्य आहे. फक्त ते त्याच्याकडे बघून ठरावे. हे लवकर व्हावे, कारण विहीर घरापासून जवळ आहे आणि आईला रात्रंदिवस जागणे जमत नाही.

निर्णयाची नव्हे, दार उघडण्याची वाट पाहत असलेला,

(सही)
धैर्यशील गणपतराव खोराटे
कोल्हापूर, दि. ११ नोव्हेंबर २०२४

सोबत:
१) कारखान्याचे पत्र (छायाप्रत).
२) डॉ. सबनीस यांचे पत्र (छायाप्रत).
३) अर्जदार स्वतः (मूळ प्रत). आपल्या दालनाबाहेरच्या बाकावर, आईशेजारी. तपासून परत मिळावी, अशी आईची विनंती आहे.