वीतभर जास्त

६ मार्च

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

फोनवर तुला ऐकू येत नाही आणि मला ओरडायला आवडत नाही, म्हणून सगळं सविस्तर लिहिते.

पहिली बॅग पोचली. पण मी कामावरून घरी येण्याआधीच आपल्या भिंगरीने पुडकं फोडलं, बॅग सायकलच्या हँडलला बांधली आणि तो घाटाच्या दिशेने पसार झाला. टेबलावर चिठ्ठी ठेवली आहे, की महिनाअखेर परत येईन, काळजी करायची असेल तर स्वतःची कर. सख्खा भाऊ असूनही तपासणी म्हटली की त्याला अपमान वाटतो. त्यामुळे तू शिवलेली बॅग मी अजून डोळ्यांनी पाहिलेली नाही.

तू विचारलं होतंस, की हा उद्योग कशाला. दुकानात अशा बॅगा मिळतात, चांगल्याही असतात. पण आमच्या पंपाच्या कारखान्यात सायकलवरून येणारे फिटर म्हणतात, की ती बॅग घ्यायची तर आधी सायकल विकावी लागेल. म्हणून मी ताडपत्री घेतली, आत प्लास्टिकचा पत्रा, वर गुंडाळून बंद होणारं तोंड आणि तीन पट्टे. दोन हँडलला. तिसरा खालून, पुढच्या चाकाच्या वरच्या नळीला, म्हणजे खड्ड्यात बॅग उडणार नाही. माझ्या हातचा ओबडधोबड नमुना मी कारखान्यात पंप हादरवून तपासतात त्या टेबलावर ठेवून पाहिला. टिकला.

उरलेल्या शिवायला घेण्याआधी, कागदाबाहेरचं काही केलं असशील तर कळव. कागद पाळण्याची तुला सवय नाही, हे मी जाणून आहे.

मशीनवर बसताना चष्मा लाव. माया आहे तशी ठेव.

तुझी,
भाची


१० मार्च

चि. मापाडीबाईंस,
अ. उ. आ.

तुझं पत्र वाचून शेजारीण म्हणाली, की ही भाची आहे का वजनकाट्यांची इन्स्पेक्टर. मी म्हटलं, दोन्ही.

कागद मी पाळला. तोंड, तळ, दुहेरी शिलाई, सगळं तुझ्या आकड्यांप्रमाणे. ताडपत्रीने माझ्या दोन सुया मोडल्या, तो हिशेब नंतर घालू. फक्त पट्टे तू फार चिंगूसपणे दिले होतेस, ते वीतभर जास्त ठेवले. उभा जन्म शाळेची दप्तरं शिवण्यात गेला माझा. पट्टा बेताचा ठेवला, की वर्षभरात पोराचे खांदे रुंदावतात आणि आई दप्तर घेऊन दारात उभी. म्हणून माझ्या दुकानातून आखूड पट्टा बाहेर जात नाही. लोंबू नये म्हणून जास्तीचा भाग आत दुमडून एकेक टाका घातला आहे. लागेल तेव्हा तो ब्लेडने काढायचा. बघणाऱ्याला कळणारसुद्धा नाही.

भिंगरी बेत न सांगता निघाला म्हणून रुसू नकोस. तुझे वडीलही असेच होते. जेवायला हाक मारावी तर स्वारी नदीपलीकडे.

वेळेवर जेवत जा. म्हातारीवर तुझा जीव आहे हे मला कळतं, तरी अधूनमधून लिहीत जा.

तुझी,
आत्या


१३ मार्च

ती. आत्यास,
सा. न.

पत्र मिळालं. दोन गोष्टी हव्या आहेत. जास्तीची वीत तिन्ही पट्ट्यांना ठेवलीस की फक्त वरच्या दोन्हींना? आणि टाका कोणत्या दोऱ्याचा आहे?

भिंगरी फोन करत नाही. वाटेतल्या दोन खानावळींत मी त्याच्यासाठी निरोप ठेवला आहे.

उरलेल्या बॅगा तूर्त शिवू नकोस. उलट टपाली कळव.

भाची


१६ मार्च

चि. पोरीस,
अ. उ. आ.

तिन्ही पट्ट्यांना. टाका साध्या सुती दोऱ्याचा.

तू कारण लिहिलं नाहीस, त्यावरूनच काहीतरी आहे हे समजलं. तुझ्या लहानपणी तू जिन्यावरून पडलीस, तेव्हाही कुठे दुखतंय ते सांगितलं नव्हतंस. नुसतं विचारलं होतंस, की डॉक्टर किती वाजता येतात.

वाचनालयाच्या शिपायाची सायकल मागून आणली. तुझ्यासाठी ठेवलेली दुसरी बॅग बांधली, खालच्या पट्ट्याचा टाका काढला. टोक थेट चाकावर येऊन टेकलं. मी सायकल उचलून धरली आणि शिपायाला चाक हाताने फिरवायला सांगितलं. दोनचार फेऱ्या काही झालं नाही. मग टोक स्पोकमध्ये शिरलं आणि चाकाने पट्टा बकलापर्यंत गिळला. बॅग खाली वाकली आणि चाक खाडकन थांबलं. शिपाई म्हणाला, की बाई, उतारावर असतो तर मी आत्ता रस्त्यावर दात शोधत असतो. तो हसत होता. मी कात्री आणून पट्टा कापला आणि चाक सोडवलं.

एक सुती टाका खड्ड्यांच्या रस्त्यावर किती दिवस टिकतो, हे मी तुला काय सांगणार. घाटाचा उतार कसा आहे तेही मला ठाऊक नाही, आणि कुणाला विचारायचा धीर होत नाही.

तू मला शिव्या दे, पण अशी कोरडी पत्रं पाठवू नकोस. पोराचं काही कळलं तर शिपायाच्या वाचनालयात फोन कर, तो धावत येऊन सांगेल.

काळजीत असलेली,
आत्या


१७ मार्च

प्रिय ताईस,
सा. न. वि. वि.

तुझा भाऊ घाटमाथ्यावर सुखरूप आहे. सुखरूप म्हणजे पोट बिघडल्यामुळे इथल्या दवाखान्यात तीन दिवस पडून होता, पण ते आत्याला सांगू नकोस.

तुझ्या बॅगेने चढावर हूं की चूं केलं नाही. आता चिडायची तयारी ठेव. ती मी देऊन टाकली. इथे एक सिस्टर आहेत. रोज सकाळी औषधांच्या बाटल्या हँडलला सुतळीने टांगून घाट उतरतात आणि खालच्या वस्त्यांमधून फिरतात. दर आठवड्याला एखादी बाटली फुटते. तू जणू जिच्यासाठी ही बॅग आखलीस ती बाई मला सापडली, मग मी ती घेऊन पुढे जाणं बरं दिसलं नसतं. पहिल्या दिवशी उतरून आल्या, तर एकही बाटली फुटलेली नव्हती. त्या मला म्हणाल्या, की आता ब्रेक न दाबता उतरता येतं.

मी उद्या पलीकडे उतरतो, सामान पाठीवर घेऊन. आत्याला आणखी एक शिवायला सांग. रागावलीस तरी पत्र लिही.

तुझा,
भिंगरी


२१ मार्च

सिस्टर यांस,
सा. न. वि. वि.

आपली ओळख नाही. तुमच्या सायकलच्या हँडलला जी बॅग आहे ती मी आखली, आणि माझ्या आत्याने शिवली. ज्याने ती तुम्हाला दिली तो माझा भाऊ. त्याचं पत्र आज सकाळी मिळालं.

तुमच्या गावचा फोन पोस्टात आहे, म्हणून पोस्टमास्तरांना लावला. ते म्हणाले, की तुम्ही खाली गेला आहात, दुपारी याल. तोवर मी फोनशेजारी बसून होते. त्या वेळाबद्दल मी लिहिणार नाही. दुपारी त्यांनीच फोन केला, की तुम्ही आलात. खालचा पट्टा कापायचा माझा निरोप त्यांनी तुम्हाला दिला, तर तुम्ही हसलात म्हणे. तुमचं म्हणणं असं, की पट्टा सुटला होता खरा, टोकही कुरतडलेलं दिसतंय, दवाखान्यात उंदीर झालेत, पण तुम्ही ते पुन्हा आत खोचलं आहे आणि बॅग उत्तम चालते आहे.

सिस्टर, तो उंदीर नाही. ते तुमचं चाक आहे. पट्ट्याचं टोक आधीच स्पोकला लागून आलं आहे, आणि त्या वेळी ते अडकलं नाही, याला नशिबाखेरीज कारण नाही. पुन्हा लागलं तर चाक जागच्या जागी थांबेल. सायकल थांबेल, तुम्ही थांबणार नाही. खोचलेला पट्टा हादऱ्यांनी परत बाहेर येतो.

आत्याने तो मायेने लांब ठेवला. मी तिला लांबी लिहून दिली होती. एवढीच का, हे लिहिलं नव्हतं. मला वाटलं, आकडा दिला की पुरे. चूक माझी आहे, तिला दोष देऊ नये.

हे पत्र संध्याकाळच्या बसच्या कंडक्टरकडे देते आहे. रात्री पोस्टमास्तर ते तुमच्या हातात देतील, असं त्यांनी कबूल केलं आहे. मी आज रात्रीच आत्याकडे जाऊन नीट कापलेला पट्टा घेते, उद्याच्या बसने येते आणि स्वतः बसवते. उद्या सकाळी बाटल्या घेऊन पायी जा. उशीर होईल, रुग्ण बोलतील, त्यांना दोष माझा आहे असं सांगा.

मला भीती वाटते आहे. ही गोष्ट मी माझ्या माणसांनाही लिहीत नाही, तुम्हाला लिहिते, कारण दुसऱ्या कशाने तुम्ही थांबाल असं दिसत नाही.

ओळख नसताना हक्काने लिहिलं, राग नसावा. मी पोचेपर्यंत सायकल भिंतीला टेकवून ठेवावी, ही विनंती.

आपली,
बॅग आखणारी