थोरा डोंगरावर उडत आली

प्रिय बाबा,

गुडघा कसा आहे हे विचारत नाही; ‘आहे जागेवर’ एवढंच सांगशील. आई फोनवर म्हणाली, तिने आणलेल्या हकलबेरी तू बियांच्या नावाने कुरकुरत सगळ्या संपवल्यास. म्हणजे बरा आहेस.

इकडे लॉजवर छान चाललंय. लार्चची झाडं पिवळी पडायला लागली आहेत, सकाळी गवतावरचं दव गोठलेलं असतं, आणि हंगाम संपत आला म्हणून स्वयंपाकघरातली मंडळी लोणी घालताना हात आखडता घेत नाहीत. मला मात्र तुला थोराबद्दल सांगायचंय.

गेल्या आठवड्यात मी हेलिकॉप्टरने डोंगरात फिरायला नेलेल्या तुकडीत ती होती. नेल्सन गावची, पंचाहत्तरी ओलांडलेली, खुब्याचा सांधा बदललेला. बाकीचे सगळे सॅस्कॅचेवनच्या सपाट मुलखातले गव्हाचे शेतकरी. हेलिकॉप्टर उठलं तसे काचेला नाक लावून बसले. थोरा मात्र आपल्या बुटांकडे बघत होती. वरच्या कुरणात उतरलो, नेहमीसारखे सामानाभोवती गुडघे टेकून दाटीवाटीने बसलो. पायलट क्लाइव्हने हेलिकॉप्टर उचलून नेलं, पंख्याचा वारा निवला आणि एकदम सगळं शांत झालं. शेतकरी उठून हसायला लागले. थोरा उठेना. मला वाटलं, खुबा दुखतोय. जवळ गेले तर म्हणाली, “ही शुद्ध फसवणूक आहे, पोरी.”

“कुणाची?”

“माझ्या तरुणपणाची. ती खिंड दिसते ना? पाठीवर ओझं घेऊन, झुडपांतून रांगत, डासांना रक्त पाजत आले होते मी तिथे. आणि आज? सामानासारखी आणून टाकली मला.”

बाबा, मला हसूच आलं. असलंच काहीतरी मी आपल्या जेवणाच्या टेबलावर तुझ्या तोंडून ऐकत मोठी झाले. ही नोकरी धरली तेव्हा तू मला ‘हवेतल्या बसची कंडक्टर’ म्हणाला होतास. थोराला उठवायला मी हात पुढे केला.

दुपारी ढग खाली आले. क्लाइव्हने रेडिओवर सांगितलं, वर येता येत नाही, तळ्यापर्यंत उतरा. वाट ओल्या दगडांची. त्या शेतकऱ्यांतला सगळ्यात धिप्पाड गडी, ग्रँट, एका उतारावर थिजूनच गेला. मी त्याला धीर देत होते, तोवर मागून थोरा खेकसली, “अरे, डोंगराकडे तोंड कर, ढुंगण दरीकडे! लाज वाटत असेल तर डोळे मीट, कुणी बघत नाही!” सगळे फिसकन हसले, ग्रँटसुद्धा, आणि हसता हसता उतरला. मग ती स्वतः उतरली, माझा हात घट्ट धरून, खुब्याला यथेच्छ शिव्या घालत.

तळ्याकाठी सूप पीत बसलो असताना ढग फाटले. खिंडीवर ऊन पडलं होतं. मी विचारलं, “आता काय म्हणतंय तुमचं तरुणपण?”

“गप्प बसलीय. भलतीच आखडू पोरगी होती ती,” थोरा म्हणाली. “म्हातारपणीही हे इतकंच आवडणार आहे, हे तिला कुठे ठाऊक होतं!”

आई म्हणते, हल्ली तू खुर्ची फिरवून, डोंगराकडे पाठ करून बसतोस. म्हणून हे पत्र. शनिवारी या हंगामातली शेवटची फेरी आहे आणि क्लाइव्हच्या शेजारची जागा मी तुझ्यासाठी मागून ठेवलीय. फार चालायचं नाही, वरच्या कुरणातल्या झऱ्यापर्यंत जाऊ आणि बसू. तुझं मत बदलावं म्हणून बोलवत नाही, ‘हवेतली बस’ म्हण नाहीतर आणखी काही म्हण. पण डोंगरात पाय कसा टाकायचा हे मला तू शिकवलंस, आणि मी लोकांना कशी घेऊन जाते हे तू एकदाही पाहिलेलं नाहीस. ते बघायला ये, बाबा.

तुझीच,
आनेलीस