येतो म्हणजे जातो

टेंभुर्णी, मंगळवार

ती. संपतमामांस राजानंदचा सविनय जयभीम. मामींनाही. इकडे सगळे खुशाल आहेत. फक्त आई तुमची बाजू घेऊन माझ्याशी अबोला धरून बसली आहे. तुमचा गुडघा आणि शहागडची मोसंबी, दोन्ही ठणठणीत असतील अशी आशा आहे. तुमचा राग मात्र अजून बरा झाला नसावा, म्हणून हे पत्र. (फोन केला की तुम्ही तो मामींकडे देता आणि मामी मला झापतात.)

तुमच्या बागेतल्या ओल मोजणाऱ्या डब्याचा उलगडा झाला. तो एका बॅटरीवर हंगामभर चालला तर मी घरूनच काम करायचं, नाहीतर पुण्याला बिऱ्हाड हलवायचं, असं आमच्या साहेबांनी बजावलं होतं. आणि डबा आठवड्यात गार झाला! मी आधी चिपला दोष दिला, मग उन्हाला. दोघंही निर्दोष सुटल्यावर उरलात तुम्ही. 'मामा डब्यावर मोबाइल चार्ज करतात' असं मी तुमच्याच ओट्यावर, तुमचाच चहा पीत म्हणालो. तुम्ही म्हणालात, "घेऊन जाय तुझं घड्याळ! बिलकुल नको मला." मीही फणकाऱ्यानं "जातो" म्हणून उठलो. तेवढ्यात मामी आतून ओरडल्या, "जातो काय म्हणून राह्यला? येतो म्हन!"

आणि मामा, फाटकापाशीच माझ्या डोक्यात उजेड पडला. चिपमध्ये एक ठोका चालतो, त्याला आम्ही क्लॉक म्हणतो. (घड्याळ नव्हे. 'यात वाजले किती ते दिसत न्हाई' ही तुमची तक्रार मी पुण्याला कळवली होती. सगळे पोट धरून हसले.) ठोका चालू तोवर चिप वीज खात बसते. म्हणून तिथं एक ड्रायव्हर असतो. (तुमच्या गावच्या ढाब्यावर ट्रकखाली घोरतो तो नव्हे. हा चिपला राबवणारा प्रोग्राम.) डब्यातल्या ज्या कामाला ठोका हवा त्यानं पाहुण्यासारखं येताना ड्रायव्हरला सांगायचं, काम झालं की निघतानाही सांगायचं. शेवटचा पाहुणा गेला की ड्रायव्हर ठोका बंद करून चिपला झोपवतो. मराठीचा अभिमान अंगात आल्यामुळे मी या दोन निरोपांना नावं ठेवली 'आलो' आणि 'येतो'.

आमच्या ऑफिसातली अर्पिता कोलकात्याची. मराठी शिकायची तिला दांडगी हौस. तिनं वाचलं: आलो, येतो. 'हा माणूस एकदा आल्यावर पुन्हा कशाला येतो?' असं म्हणून तिनं सगळे 'येतो' जादा समजून पुसून टाकले. झालं! पाहुणे येतच राहिले, जाईना कोणी. ड्रायव्हर बिचारा ठोका चालू ठेवून ताटकळत बसला आणि बॅटरी संपली. आता 'येतो' काढून 'गेलो' लिहिलं आहे. (आईला हे कळू देऊ नका. असलं अभद्र लिहिलेला डबा ती भावाच्या बागेत ठेवू देणार नाही.)

तुमचा,
राजानंद

ता. क. डबा तुम्ही खुराड्यावर फेकल्याचं मामींकडून कळलं. शनिवारी साहेब तो बघायला येत आहेत. तेवढा पुन्हा झाडाला बांधाल का? मला खरंच पुण्याला जायचं नाही हो मामा.

ता. ता. क. डब्याच्या खालच्या बाजूला मोबाइलची वायर अडकली आहे, असंही मामी म्हणाल्या. ती शनिवारपुरती काढावी. मी साहेबांना काही बोलणार नाही.

शुक्रवारी येतो. (हा येणारा 'येतो' आहे.)